जिवंत अंगठा

बाबांचं व्हेंटिलेटर सकाळी काढायचं ठरलं होतं. ते आता शुद्धीवर येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईने सही केली होती आणि त्यांची एकुलती एक मुलगी खाटेशेजारी स्टूल ओढून बसली होती. एवढ्यात काचेच्या दारावर टकटक झाली. बाबांच्या ऑफिसातला सहायक उभा होता. अंगात कालचाच शर्ट, हातात एक छोटं काळं यंत्र.

"ताई, जरा बाहेर येता?"

बाहेर येताच त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. शहराच्या पूर्वेकडचे पाण्याचे पंप कालपासून बंद आहेत. कुणी तरी बाहेरून घुसतंय असं समजून यंत्रणेने स्वतःलाच कुलूप लावून घेतलंय. ते उघडायला साहेबांचा अंगठा हवा.

"दुसऱ्या कुणाचा चालत नाही?"

"दोघांचे नोंदवलेले होते, साहेबांचा आणि ऑफिसातल्या एका मॅडमचा. त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी माझा नोंदवायचा होता. साहेब म्हणायचे, बघू, तू अजून कच्चा आहेस."

बाबा तसेच होते. चौकातल्या सिग्नलचं गणित मांडणारा पोरगेला इंजिनीअर म्हणून लागले आणि दिवे, पाणी, कचरा, वाहतूक, सगळं शहर एका खोलीतल्या पडद्यांवर आणून बसवत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. देशोदेशी भाषणं देऊन आले. पंपांवरचे हाताने चालवायचे खटके त्यांनीच हट्टाने काढायला लावले. माणूस चुकतो, म्हणायचे. घरात मात्र आईने चार हाका मारल्याशिवाय मान वर होत नसे.

"मग घ्या ना ठसा. डॉक्टर येतीलच."

सहायकाने मान खाली घातली. "एकदा घेऊन भागत नाही, ताई. आत्ता एकदा, आणि सगळी तपासणी झाल्यावर पुन्हा. दुपार होईल. आणि... बोटात रक्त वाहतं असावं लागतं."

आई केव्हा दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "म्हणजे तुमचे नळ सुरू होईपर्यंत ह्यांनी मरायचं नाही."

"काकू, तिकडच्या हॉस्पिटलात पाण्यावाचून डायलिसिस थांबलंय. माणसं खोळंबलीत."

"जन्मभर मी ह्यांच्यासाठी जेवायची थांबले. आता ह्यांच्या मरणासाठीही थांबू?" मग ती लेकीकडे वळली. "तूच काय ते ठरव. मला नको विचारू."

नळीतून कफ ओढला की बाबांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना काही जाणवत नाही, असं डॉक्टर म्हणत. आठी मात्र पडायची. दुपारपर्यंत ती आणखी किती वेळा पडेल, हा विचार तिने केला आणि म्हणाली, "थांबू."

यंत्रावर अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"बोट गार पडलंय," सहायक कुजबुजला. "अजून एकदा चुकलं तर हे कायमचं बंद."

तिने बाबांचा हात दोन्ही तळव्यांत घेतला, चोळला, त्यावर फुंकर घातली. हा हात शेवटचा कधी धरला होता? शाळेत असताना, रस्ता ओलांडताना असेल. तेव्हाही त्यांचं लक्ष सिग्नलकडेच.

हिरवा दिवा लागला.

दुपारपर्यंत तिने हात सोडला नाही. परिचारिका नळी साफ करायला येऊन गेल्या, आठी पडली, मिटली, पुन्हा पडली. ती चोळत राहिली. दुसऱ्यांदा हिरवा लागला तसा सहायक फोन कानाला लावून धावत सुटला. "आलं? जोर आहे का? नीट बघा!" त्याचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला. निरोप घ्यायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"झालं का शहराचं?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी व्हेंटिलेटर बंद केलं. बाबांची छाती एकदा हलली, थोड्या वेळाने आणखी एकदा. हात मात्र तिच्या तळव्यांत तसाच होता, तिनेच सकाळपासून तापवलेला. त्यामुळे ते नेमके कधी गेले, ते तिला समजलंच नाही. ती चोळतच होती. शेवटी आईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"अगं, सोड आता."