तपासले, बदल नाही

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची फाईल आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत खिळ्याला टांगलेली असते. फोनची यंत्रणा बंद पडली तर बाहेरून येणारे फोन कोणत्या नंबरावर वळवायचे, ते माझ्यात लिहिलेलं आहे.

मला जन्म दिला तिथल्या ऑपरेटरने. त्यांना सगळे हॅलोकाका म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते मला मांडीवर घेत आणि माझ्यातला एकेक नंबर लावून पाहत. पलीकडे माणूस बोलला, तरच पेन्सिलीने तारीख घालून खूण करत.

"काका, पुन्हा तुम्हीच?" तातडीच्या विभागातली नर्स वैतागायची. "जिवंत आहोत आम्ही!"

"तेवढंच विचारायचं होतं, ताई. ठेवा आता."

काका निवृत्त झाले. नवे साहेब दर तीन महिन्यांनी मला खाली काढत, शेवटच्या पानावर 'तपासले, बदल नाही' असं लिहून झोकात सही ठोकत आणि परत टांगत. दरम्यान तातडीचा विभाग नव्या इमारतीत गेला. नंबर बदलला. मला कुणी सांगितलं नाही.

एका दुपारी छतातली पाण्याची नळी फुटली आणि यंत्रणा बंद पडली. तंत्रज्ञाने घाईने मला उघडलं, मी दाखवला त्या नंबरावर सगळे फोन वळवले. जुन्या इमारतीतल्या कुलूपबंद खोलीत, मोडक्या खाटांमध्ये ते वाजत राहिले.

त्यात हॅलोकाकांच्या लेकीचाही फोन होता. काकांच्या छातीत कळ आली होती, तिला रुग्णवाहिका हवी होती. काका वाचले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती आली. साहेबांनी मला तिच्यापुढे सरकवलं. "आमचे कागद चोख आहेत, ताई. या बघा सह्या."

तिने सावकाश पानं उलटली. "या खुणा बाबांच्या. तुमच्या सह्यांच्या वेळची एकही खूण नाही."

साहेब मला मिटायला लागले. तिने पानावर हात ठेवून त्यांना अडवलं.

"शेजाऱ्यांची गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, चला. तर बाबा म्हणाले, थांब गं, उचलतील. तिथे माझी फाईल आहे."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत अडीअडचणीचे नंबर कुठेतरी लिहून ठेवले असतील. ते एकदा लावून बघा, चुकले असतील तर खोडून नवे लिहा. माझा घात कुणी केला ते मला ठाऊक आहे. पण काका थांबले ते माझ्या भरवशावर.