पहिल्या दळणाची भाकर

आदीच सांगून ठेवतो, मी तापट हाय. मागनं कुणी म्हणायला नको, की महिपती म्हातारा उगंच वरडतो. माझा बापबी तापट हुता. त्याच्याकडनं मला दोनच गोष्टी मिळाल्या, एक गिरणी आन् दुसरा ह्यो राग.

गिरणी म्हंजे पिठाची. मैंदर्गीच्या अलीकडं आमचं गाव, आन् गावाच्या कडंला वड्याजवळ ती. बापानं बांधली तवा आसपास दुसरी गिरणी न्हवती, आन् गावात वीजबी न्हवती. इंजनावर चालायची. इंजनाची पुकपुक सुरू झाली की चार वस्त्यांवरच्या बाया डोक्यावर डबं घेऊन निगायच्या. डबा रांगेत ठिवायचा आन् शेताला जायचं, माघारी येताना पीठ न्यायचं. डब्याचा नंबर मोडायची कुणाची छाती न्हवती, कारण मी तितं बसलेला असायचो. कुणाच्या घरी पाव्हणं आल्यात म्हणून गहू आलाय, कुणाच्या ज्वारीत निम्मी मका मिसळलीया, सगळं मला आदी कळायचं. पर मी तोंडातनं ब्र काडला न्हाय कधी. रागीट माणूस चहाडखोर नसतो, येवडं तरी गावानं कबूल करावं.

एक रीत हुती आमच्या गिरणीची. दगड गुळगुळीत झालं की दळत न्हाईत, मग त्यांना टाकी लावावी लागती. पाथरवट येतो, छन्नीनं दगडाला नव्यानं खाचा पाडतो. टाकी लावली की सुरवातीच्या पिठात दगडाची बारीक कच उतरती. म्हणून पहिलं दळण गिरणीवाल्याचं. दोन पायल्या दळून त्यो भरडा जनावराला घालायचा, आन् मग जे पीठ येईल त्याची भाकर गिरणीच्या दारातच चुलीवर करायची. गिरणीवाल्याच्या घरच्या बाईनं ती सगळ्यांम्होरं खायाची आन् सांगायचं, कच हाय का न्हाय. तिनं ‘न्हाय’ म्हणल्याबिगर गावातली एक बाई डबा पुढं सरकवायची न्हाय. आदी माझी आई खायाची. मग माझी बायको, बजाबाई.

पुढं घरोघरी घरघंट्या आल्या. बटण दाबलं की पीठ. माणसंबी गेली, कुणी सोलापूरला, कुणी पुण्याला. पंधरा वर्सं गिरणीला कुलूप हुतं. वरचं पत्रं वाऱ्यानं गेलं, दगडावर पाऊस पडला, आन् मी काय तिकडं फिरकलो न्हाय. चार वर्सामागं बजाबाई गेली. तवापासनं घरात मी एकटा. सकाळी उठून कुणावर तरी डाफरावं म्हणलं, तर समोर टीव्ही. त्याला किती बी शिव्या घाला, त्यो आपलं चालूच. दोन माणसांच्या घरात एक गप झालं की किती गप हुतं, ते मला कुणी सांगितलंच न्हवतं.

दिवाळीला पोरगा आला. अमृत, पुण्याला कंपनीत हाय. म्हणला, “आबा, बास झालं आता. चला तिकडं. उत्कर्षानं तुमची खोलीबी लावून ठेवलीय.”

उत्कर्षा म्हंजे माझी सून. गुणाची हाय, तिला नाव ठेवायला जागा न्हाय. पर पुण्यात मी काय करू? खिडकीत बसून गाड्या मोजू? मी म्हणलो, “मला येळ न्हाय. मी गिरणी चालू करणार हाय.”

खरं सांगतो, तोंडातनं निगंस्तवर माझ्या मनातबी न्हवतं.

अमृत हसला. हसला म्हणून मी पेटलो. शेवटी बोलणं ठरलं ते असं. चैतात लक्ष्मीआईची जत्रा असती, गावचं झाडून सगळं माणूस त्या दिवशी गावात येतं. त्या दिवशी गावातल्या एका तरी घरानं एक डबा माझ्या गिरणीवर दळून नेला, तर अमृत पुण्याचं नाव काडणार न्हाय. न्हाय नेला, तर त्याच सांजच्याला मी त्याच्या गाडीत बसायचं.

“एक डबा आबा, फकस्त एक,” त्यो म्हणला.

“पन्नास येतील,” मी म्हणलो.

मग काय, लागलो. आदी आतली बाभळ तोडली. जमिनीतनं उगवून पार इंजनाच्या चाकात शिरलीती. पत्रं घातलं. इंजन उघडलं तर आत उंदराचं बिऱ्हाड. वळसंगचा एक मेस्त्री चार दिवस राहून गेला, त्याच्याशी माझी सहा भांडणं झाली, पर इंजन सुरू झालं. पट्टा नवा आणला. दगडासाठी मैंदर्गीहून बसलिंगप्पाला बोलवलं. माझ्या बापाच्या येळंपासनं टाकी त्योच लावायचा, आता ऐंशीला टेकलाय. दगडाभोवती फिरला, छन्नीनं ठोकून कान लावला, मान हलवली आन् अर्धं कानडीत बोलला.

“साकु, महिपती. बास झालं. पंधरा वर्सं पाणी पिलाय ह्यो दगड. ठिसूळ झालाय. कच सुटतच राहील.”

“तू टाकी लाव. कच माझी मी बघतो.”

“तुझा राग काय दगडाला कळणार हाय का?” असं म्हणला, पर बसला बिचारा. तीन दिवस ठोकत हुता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठिवला. मला त्याचाबी राग आला.

जत्रेच्या दिवशी सकाळी हँडल मारलं. पहिल्यांदा न्हाय, दुसऱ्यांदा न्हाय. तिसऱ्याला इंजनानं धूर वकला आन् पुकपुक सुरू झाली. अमृत शेजारी उभा हुता. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याबी आलं, दोगंबी धुरावर ढकलून मोकळं झालो. दोन पायल्या दळून भरडा बाजूला काडला. मनात भ्या हुतं म्हणून आणखी दोन दळल्या. मग तिसऱ्या खेपंचं पीठ धरलं. पांढरंशिप्पट, ऊन ऊन. वासानं मला गलबलून आलं.

आन् बाया आल्या की! पन्नास न्हाय, सात. म्होरं नागव्वा, बजाबाईची जोडीदारीण, काठी टेकत. बाकी पुण्या-सोलापूरहून जत्रंला आलेल्या लेकी-सुना. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात पिशवी. मोबाईल काडून फोटू घेत हुत्या, हसत हुत्या. मी डबं ओळीनं लावून घेतलं. नंबर मोडायचा न्हाय म्हणून दोघींना दटावलंबी. काय बरं वाटलं सांगू! चार वर्सांत मी कुणाला येवडं मनापासनं दटावलं न्हवतं.

नागव्वानं डब्याच्या झाकणावर हात ठिवला. “आदी भाकर.”

“अगं, पीठ बघ की. लोणी हाय लोणी.”

“भाकर आदी. रीत हाय.” मग इकडंतिकडं बघून तिनं विचारलं, “पर खाणार कोण? तुझ्या घरात बाई कुटाय आता?”

इंजन अजून वाजत हुतं. ते मी बंद केलं. येवड्या माणसांम्होरं कुणीतरी हे मोठ्यानं बोलावं, ते मला लई लागलं.

“मी करतो,” मी म्हणलो. दगडं मांडून चूल पेटवली. पीठ मळलं, भाकर थापली. कडंला चिरली, मदी जाड राहिली, टाकताना तव्यावर दुमडली. पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हणली, “आबा, सोलापूरचा नकाशा झाला की!” मीबी हसलो. भाकर कशीबशी भाजली.

मी हात घालायच्या आदी अमृत पुढं आला. “मी खातो. मी घरचाच की.”

त्यानं तुकडा मोडला, तोंडात टाकला. सगळ्यांचं डोळं त्याच्या तोंडाकडं, माझा तर जीव जाऊन डोळ्यात बसलेला. त्यो माझ्याकडं बघत हुता. दोनदा चावलं, थांबला, आन् गिळलं.

“न्हाय,” मोठ्यानं म्हणला. “कच न्हाय.”

एकच गलका झाला. नागव्वानं डबा काठीनं पुढं सरकवला. मी उचलला. भरलेला डबा उचलायचा म्हंजे कंबर कुटं धरायची, पाय कुटं रोवायचा, सगळं अंगाला ठावं हुतं. झालं, जिंकलो! मी आता हितंच राहणार, माझ्या घरात, माझ्या गावात. डबा वर वतायचा आन् हँडल मारायचं तेवडं राहिलं हुतं.

पर त्यो थांबला का हुता?

दोनदा चावून माणूस थांबतो का? भाकर येवडी जाड, आन् ह्यानं घोटभर पाण्यासारखी गिळली. मी डबा खाली ठिवला. जाऊन भाकरीचा तुकडा मोडला आन् तोंडात टाकला. दाढंखाली कर्रकन वाजलं. परत चावलं, परत वाजलं.

अमृतनं माझा दंड धरला. कानात म्हणला, “आबा, थोडीच हाय. चाळून घेतील. गप बसा ना. तुमच्यासाठीच म्हणलो मी.”

ते मला ठावं हुतं. पोरगं मला न्यायला आलतं आन् हितं ठिवायसाठी खोटं बोललं. त्याच्यासारखं मायेचं मला कुणी काय दिलं न्हवतं. आन् तरी माझ्या टाळक्यात रागाचा भडका उडाला, कारण त्याच येळंला मला बजाबाई दिसली.

तीस वर्सं झाली असतील. अशीच जत्रा, दारात खरंच पन्नास डबं, दगडाला नवी टाकी. बजाबाईनं भाकरीचा तुकडा चावला आन् म्हणली, “कच हाय.” मी हळूच डोळ्यानं खुणावलं, की गप बस, न्हाय म्हण. ती परत म्हणली, “हाय.” मग मी समद्या गावाम्होरं तिला नाय नाय ते बोललो. तिच्या दातांवरनं बोललो, तिचं माहेर काडलं, हातातली भाकर हिसकून मातीत फेकली. तिनं ती उचलून झटकली, फडक्यात बांधली आन् घरला गेली. बायांनी डबं उचललं. दुसऱ्या दिवशी मी परत दळून कच घालवली. पर तुझं खरं हुतं, येवडी दोन अक्षरं मी तिला कधी बोललो न्हाय. ती जाईस्तवर न्हाय.

जे तिनं बोलावं म्हणून मी तिच्यावर गुरगुरलो, ते आज माझ्या पोरानं न मागता दिलं हुतं.

“कच हाय,” मी म्हणलो. मग मोठ्यानं म्हणलो, “ऐका गं, कच हाय. दगड गेलाय. बसलिंगप्पानं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाय. डबं घेऊन जावा आपापलं.”

कुणी शिवी तरी द्यायची, म्हाताऱ्या आमचा येळ घालवलास म्हणायचं. एकेकीनं डबा उचलला आन् गेली. अमृत चुलीपाशी खाली मान घालून बसला.

नागव्वा मागं राहिली. तिला डबा झेपत न्हवता, अमृतनं उठून त्यो तिच्या घरी न्यायला घेतला. ती गिरणीच्या उंबऱ्यावर टेकली.

“बजीची आठवण झाली,” ती म्हणली. “त्या जत्रंचं कचाचं पीठ तिनं टाकलं न्हवतं, ठावं हाय का तुला?”

“जनावराला घातलं असंल.”

“कुटलं. धान्य टाकवंना तिला. पंधरा दिवस तीच खात हुती त्या पिठाची भाकर. तुझी भाकर येगळी करायची, चांगल्या पिठाची. मी म्हणलं, सांग की त्याला. म्हणली, आदीच रागात हाय, आन् त्याचं दात दुखत्यात.”

पंधरा दिवस. आन् मी त्यातलं आठ दिवस तिच्याशी बोललोबी न्हवतो. तिनं वाढलेलं जेवत हुतो, तोंड फिरवून. चाळीस वर्सं अख्ख्या गावाच्या घरात काय शिजतंय ते मला कळत हुतं. मी तितंच भुईवर बसलो आन् रडलो. नागव्वानं रडू दिलं. मग काठी घेऊन ती गेली.

अमृत माघारी आला तवा मी तिसऱ्या खेपंचं पीठ डब्यात भरत हुतो.

“आबा, मी काय लगीच चला म्हणत न्हाय. राव्हा हवं तर.”

“बोलणं झालंय. गाडी आण.”

“मग हे कशाला घेताय? कचकच लागतीय नुसती. गाईला घालू.”

“पाच किलो हुईल,” मी म्हणलो. झाकण दाबून बसवलं. “उत्कर्षाला फोन लाव आन् सांग, हे संपस्तवर आबांची भाकर येगळी करायची.”