‘पुसले’ असे लिहिलेली फीत

मी एक जुनी ध्वनिफीत आहे. १९६१ साली फिलाडेल्फियात व्हर्डेल पेटिफर्डबाईंचा जॅझ पियानो माझ्यावर उतरला आणि त्यांचा पहिला अल्बम झाला.

मित्रांनो, मधला भाग आधी सांगते. तोच कुणाला ऐकवायचा नव्हता.

एकच गाणे तिसऱ्या वेळी वाजवताना व्हर्डेलबाईंचा धाकटा भाऊ रॉस्को चुकला. बास या मोठ्या तंतुवाद्याच्या जाड तारांवर त्याची बोटे थरथरू लागली. त्याला जडलेले दुखणे आता हातात उतरले होते. तो थांबला आणि ढसाढसा रडला.

“ताई, हे कुणाला ऐकवू नकोस. आईला तर नाहीच.”

“वेड्या, मी ऐकवीन होय? मिल्ट, पूस ते!”

“पुसलं समज,” काचेपलीकडून ध्वनिमुद्रक मिल्ट म्हणाला.

माझ्या खोक्यावर त्याने ‘पुसले’ असे लिहिले.

पुसले मात्र नाही.

पहिली आवृत्ती. चौथ्या वेळचे वादन घेतले. रॉस्कोची वाहवा झाली. दोन वर्षांनी त्याच दुखण्याने तो गेला.

दुसरी आवृत्ती, १९७४. वेष्टनावर बाईंच्या चेहऱ्याऐवजी समुद्रकिनारा आला. “समुद्र माझ्यापेक्षा बरा वाजवत असेल!” त्या हसल्या.

तिसरी आवृत्ती, १९९४. सीडीची चकचकीत तबकडी. वेष्टनावर छापले होते, ‘आजवर न ऐकलेले, संभाषणासह.’

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात पंगत बसली होती. तळलेले मासे वाढून झाले आणि मंडळींनी कौतुकाने नवी तबकडी लावली. माझ्यातूनच उतरवलेला रॉस्को सर्वांसमोर रडू लागला.

नव्वदीच्या आईने काटा खाली ठेवला.

“व्हर्डेल, माझं लेकरू असं रडत होतं? आणि तू मला सांगितलं नाहीस?”

दुसऱ्या दिवशी बाई मिल्टच्या दारात उभ्या राहिल्या.

“तू तोंडावर शब्द दिला होतास.”

“फीत पुसणं आमच्या धंद्यात पाप, व्हर्डेल. खोक्यावर लिहायचं आणि ठेवून द्यायचं, सगळेच करतात. आणि ऐक तरी, किती जिवंत आहे ते!”

“जिवंत? आई आता माझ्याशी बोलत नाही, मिल्ट.”

त्याच्यामागे फळीवर मी होते; त्या माझ्याकडे न बघताच गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला तर थंड खोलीत, धूळ बसू न देता तेहतीस वर्षे जपले. म्हणून माझे मागणे उलटे आहे. कुणी विश्वासाने ‘पूस’ म्हणाले, तर खरोखर पुसा.

मला स्वतःला पुसता येत नाही.