शहाळ्याखालची वहाण

उजव्या पायाची वहाण आहे मी. जुनी, जाडजूड, धनगरी. आणि मित्रांनो, सध्या एकटी. माझी जोडीदारीण डावी कुठे राहिली ते सांगणारच आहे, पण आधी एक कबूल करते: निवांत बसणं मला जमत नाही. सांगता सांगता मध्येच पुढे पळाले तर सांभाळून घ्या.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. तिथल्या पेठेच्या टोकाला रंगुबाई आणि तिचा नवरा पायताणं शिवत. एकोणीसशे ब्याण्णव साली त्यांनी आम्हा दोघींना घडवलं. नवऱ्याने कातडं कापलं, रंगुबाईने शिवलं. तीन पदरी तळ, टाचेला लोखंडी नाल आणि मोठ्या डोक्याचे पाच खिळे. चालताना करकर वाजावं म्हणून तळाच्या पदरांत तिने काहीतरी घातलं; काय, ते आम्हालाही कळू दिलं नाही. आमचे मालक आबा, त्यांच्या हातात आम्हाला देताना ती म्हणाली, "आबा, ह्यास्नी बसवून ठिवू नगा. चालती तवर वहाण जित्ती. बसली की कातडं आकसतं, आन् मंग ती मालकालाच चावती."

आबांकडे बसून राहायची सोयच नव्हती. तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडे माळावर त्यांचं घर, पण घराला माणसं दिसायची ती वर्षातून चार महिने. दिवाळी झाली की दीडशे मेंढरं घेऊन निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं. मेंढरांमागे आबा असत. त्यांची बायको कुशाबाई मात्र नेहमी पुढे. घोड्यावर बिऱ्हाड लादून ती सकाळीच पुढच्या तळाला निघायची, तीन दगड मांडून चूल पेटवायची, आणि आबा मेंढरं चारत चारत दिवस मावळायच्या आत तिथे पोचायचे.

वाट फुटली की कुशाबाई खूण ठेवायची. आबांची झिजून बाद झालेली एक जोडी तिने त्यासाठीच जपून ठेवली होती. त्यातली एक वहाण ती फाट्यावर ठेवायची, आपण गेलो तिकडे तिचं तोंड करून, आणि वर दगड. दुसरी घोड्यावर बांधून न्यायची. मागून आलेले आबा दगड बाजूला करत, वहाण काखोटीला मारत आणि मेंढरं त्या बाजूला वळवत. एकमेकांना शोधत, हाका मारत फिरायचं नाही. खूण बघायची आणि चालायचं, असा त्या दोघांचा नेम होता. आम्ही दोघी तेव्हा नव्या, तोऱ्यात असायचो. त्या जुन्या जोडीला आम्ही हसायचो. दगडाखाली दबून पडणं हे काय वहाणेचं काम झालं?

पुढे कॅनॉलचं पाणी आलं, माळ बागायती झाले, रांजणगावला कारखाने उभे राहिले आणि मेंढरांना चरायला रान उरलं नाही. नव्व्याण्णव साली आबांनी सगळी मेंढरं विकली. टेम्पो निघाला तसे आबा त्याच्यामागे फर्लांगभर चालत गेले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून आमच्या घराचं स्वास्थ्य गेलं. आबा ओट्यावर बसत, लगेच उठत, उसाच्या बांधापर्यंत जाऊन माघारी येत. "आवो, बुडाला काटं लागलं का तुमच्या?" असं कुशाबाई म्हणायची खरी, पण तीही निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायची.

त्यांची धाकटी मुलगी प्रगती. हे नाव शाळेतल्या गुरुजींनी ठेवलं आणि पोरीने ते खरं केलं. शिकून इंजिनिअर झाली, लग्नानंतर अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. दोन हजार सहाच्या जानेवारीत तिने आईबापांना तिकडे बोलावलं आणि मोठ्या जहाजावरच्या सहलीची तिकिटं काढली. फोनवर म्हणाली, "आबा, जन्मभर पायी फिरलात. आता बसून फिरा."

बसून फिरा! माझ्या अंगावर काटाच आला.

विमानतळावर माझ्या खिळ्यांपायी यंत्र कोकलायला लागलं. साहेबाने आम्हाला उलटंपालटं केलं, ठोकून पाहिलं आणि हात पुसत परत दिलं. तिकडे पोचल्यावर प्रगतीने आबांना पांढरेशुभ्र बूट घेतले. आबांनी ते अर्धा दिवस घातले. "पाय डब्यात कोंडल्यावानी वाटत्यात," म्हणाले आणि पुन्हा आमच्यात शिरले. जहाजाच्या गुळगुळीत मजल्यांवर आम्ही करकरत निघालो की गोरी माणसं वळून बघायची. आबा जहाजाला रोज सकाळ-संध्याकाळ पाच फेऱ्या मारायचे. एवढा मोठा डोलारा चालतोय आणि आपल्याला पायसुद्धा उचलावा लागत नाही, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. माझ्याही नाही.

चौथ्या दिवशी जहाज कॅरिबियनमधल्या एका बेटाला लागलं. धक्क्यावरून गाडीने किनाऱ्यावर जायचं, दिवसभर समुद्रात खेळायचं आणि परत. प्रगतीचा नवरा कामामुळे आला नव्हता, तेव्हा सगळी जबाबदारी तिच्यावर. तिने बजावून सांगितलं, "किनाऱ्यावरून शेवटची गाडी साडेतीनला. जहाज साडेचारला सुटतं. कुणासाठी थांबत नाही. मागं राहिलं ते राहिलंच."

"न्हाई थांबत?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा."

"म्हंजी यष्टीपरीस वाईट," आबा म्हणाले, आणि त्यानंतर दर घटकेला प्रगतीला किती वाजले ते विचारत राहिले.

किनारा मात्र खरंच देखणा होता. कोकणातली वाळू काळपट, इथली तांदळाच्या पिठीसारखी. पाणी हिरवंगार. रंगीत छत्र्यांखाली माणसं खुर्च्यांवर आडवी पडलेली, एकीकडे पत्र्याच्या पिंपांवर ठेका धरून गाणं चाललेलं. कुशाबाई नऊवारी लुगडं सावरून वाळूवरच बसली. समोर चाललेल्या बायकांच्या तोकड्या कपड्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि मग अर्धा तास आपल्या पायाच्या बोटांकडेच बघत राहिली. प्रगतीचा चार वर्षांचा मुलगा, रुद्र, आबांचा हात धरून ओढू लागला. आबांनी आम्हाला कुशाबाईजवळ काढून ठेवलं आणि ते गुडघाभर पाण्यात गेले. प्रगती कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे गेली.

वाळू तापत होती. कुशाबाई एक शहाळं संपवून रिकामी बसली होती, आम्ही रिकाम्या पडलो होतो. तेवढ्यात मागच्या झुडपांतून आवाज आला. मेंढरू! नुसतं ओरडणं नव्हतं ते, घुसमटल्यासारखं, तुटक. कुशाबाई ताडकन उठली. तिने समुद्राकडे पाहून हाक मारली, पण गाण्यापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? तिने दोन पावलं पाण्याकडे टाकली, तोच पुन्हा तो आवाज आला. मग तिने आयुष्यभर केलं तेच केलं. मला उचललं, झुडपांकडे तोंड करून ओल्या वाळूत दाबून ठेवलं आणि आजूबाजूला दगड शोधला. दगड कुठे असणार तिथे? तिने ते शहाळंच माझ्यावर ठेवलं. डावीला हातात घेतलं आणि झपाझप निघून गेली.

मी फुशारून बसले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? ज्या कामाला हसले होते तेच माझ्या वाट्याला आलं होतं, आणि मला ते आवडलं होतं.

पण पाण्यातून पहिला बाहेर आला तो रुद्र. त्याला तहान लागली होती. त्याने शहाळं ढकललं, माझ्यात आपलं चिमुकलं पाऊल घातलं आणि मला फरफटत निघाला. करकर वाजलं की हसायचा. दहा-बारा हात गेल्यावर त्याला कंटाळा आला आणि त्याने मला सोडून दिलं. मी पडले ती समुद्राकडे तोंड करून.

मी मनातल्या मनात किती ओरडले असेन! अरे बाळा, मला फिरव. एवढंसं फिरव.

प्रगती आली. आई दिसेना म्हणून आधी बायकांच्या मोरीकडे जाऊन आली, मग शहाळ्यांच्या टपरीकडे. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आबा, आई कुठं गेली? तीन वाजून गेले." आबा पाण्यातून बाहेर आले. त्यांनी आधी बायकोला शोधलंच नाही, सवयीने खूण शोधली. त्यांची नजर माझ्यावर पडली. एक वहाण, आणि तोंड समुद्राकडे.

आबांनी मला उचललं. "पान्यात गेली," ते अगदी हळू म्हणाले. "कुशी पान्यात गेली."

प्रगती धावत उंच खुर्चीवरच्या रखवालदाराकडे गेली. शिट्ट्या वाजल्या, गाणं थांबलं, दोन जण लाटांत शिरले. आबा मात्र मला हातात घेऊन उभे होते. अंगठ्याने माझी टाच चाचपत होते. चाचपता चाचपता त्यांचा हात थांबला.

"दगूड कुठंय?" ते पुटपुटले. "कुशीनं ठिवली आन् वर दगूड न्हाई?"

त्यांनी रुद्रला विचारलं, "बाळा, ही कुठनं उचललीस?" पोरगं घाबरून आजोबांच्या धोतराला बिलगलं. आबांनी त्याला कडेवर घेतलं, खाली वाकले आणि वाळू वाचायला लागले. पावलापावलांनी तुडवलेली वाळू. मी फरफटले तो ओरखडा त्यांनी धरला आणि त्याच्या मागे मागे ते शहाळ्यापर्यंत पोचले. शहाळ्याशेजारी ओल्या वाळूत माझा ठसा होता. नालेची कमान, पाच खिळे. कुशाबाईने दाबून काढलेला. आणि त्याचं तोंड झुडपांकडे.

"परगे, पान्यात नगं बघू," आबा ओरडले. "घावली तुझी आई."

झुडपांपलीकडे एका बोरीसारख्या काटेरी झाडाला दाव्याने बांधलेली मेंढी होती. चरता चरता तिने झाडाला वेढे घातले होते आणि दावं मानेला आवळत चाललं होतं. कुशाबाई तिला छातीशी धरून बसली होती. दाव्यात आणि मानेत तिने डावीला खुपसलं होतं, म्हणून मेंढीला श्वास तरी घेता येत होता. सोडलं असतं तर मेली असती. कुशाबाईचे हात काट्यांनी रक्ताळले होते.

"लई येळ लावला," ती आबांना म्हणाली.

"वहाण फिरली व्हती," आबा म्हणाले आणि बाहीने डोळे पुसू लागले.

"आवो, रडताय काय? कोयता न्हाई तर दातानं तोडा. लोकर न्हाई हिला, पर मेंढरूच हाय. शेपूट बघा, खाली हाय, शेळीवानी वर न्हाई."

तेवढ्यात गवती टोपी घातलेली एक काळीसावळी म्हातारी धापा टाकत आली. मेंढी तिचीच होती. तिने कोयत्याच्या एका घावात दावं तोडलं. मग कुशाबाईचे रक्ताळलेले हात आपल्या हातात घेऊन ती कितीतरी वेळ तिच्या भाषेत बोलत राहिली आणि कुशाबाई आपल्या भाषेत. मागून प्रगती किंचाळत होती, "आई, साडेतीन! गाडी!"

सगळे पळाले. गाडीचं दार लागलं, चाकं फिरली, आणि मग आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात मी एकटीच होते.

"डावी ऱ्हायली," ते उठत म्हणाले.

कुशाबाईने त्यांचं मनगट धरलं. "बसा. तिच्यापायी जहाज घालवायचं व्हय? ऱ्हाऊ द्या. एक हितं, एक आपल्या दारी. आपुन आलो व्हतो याची खूण."

आबा बसले. मेंढरं विकल्यापासून एवढे स्वस्थ बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. माझा मात्र जळफळाट झाला. चौदा वर्षं जिच्याशिवाय मी एक पाऊल टाकलं नव्हतं, ती आता साता समुद्रांपलीकडे काट्यांतच राहणार होती.

गावी आल्यावर एकट्या वहाणेचा उपयोग काय? मी गोठ्याच्या वळचणीला गेले. कातडं आकसलं, रंगुबाई म्हणाली होती तसंच. दोन वर्षं तशीच गेली. दोन हजार आठच्या थंडीत एका सकाळी कुशाबाईने चहाचं आधण ठेवलं आणि ती भिंतीला टेकली, ती टेकलीच. नेमाप्रमाणे पुढे गेली. खूण ठेवायला तेवढा वेळ मिळाला नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला वळचणीतून काढलं. अंगणात कधी इकडे तोंड करून ठेवलं, कधी तिकडे, आणि माझ्याकडे बघत बसले. मी काय सांगणार? मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग एके दिवशी ते उठले, जिकडे जायचं तिकडे माझं तोंड केलं, वर दगड ठेवला आणि चालायला निघाले. तेव्हापासून रोज तेच. आबा कुठे गेले, हे घरात कुणी विचारत नाही, माझ्याकडे बघतात. थोरल्या मुलाची बायको, आबांची सून, अंगण झाडताना माझ्याभोवतीने झाडते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. रुद्रला मी बोल लावत नाही, लहान होता तो. पण तुम्ही मोठे होताय. दारात पडलेली जुनी वस्तू पायाने सरकवण्याआधी ती कशी पडली आहे ते घडीभर बघा. कुणीतरी तिला काहीतरी सांगून गेलेलं असतं.

आज पहाटे आबांनी माझं तोंड घाटाकडे केलं, कोकणाच्या जुन्या वाटेकडे. दगड नेहमीपेक्षा मोठा ठेवला. आता ऊन कललं आहे आणि ते अजून आलेले नाहीत. सून दोनदा दारात येऊन गेली. मला जन्मात कधी स्वस्थ बसवलं नाही, पण मी जागची हललेली नाही.