आरवणाऱ्या कोंबडीचा अंगारा

देवबागच्या वाळूत घातलेल्या मांडवात कोंबडी आरवली आणि दीडशे माणसांनी एकदम हात जोडले.

एरवी आमच्याकडे कोंबडी आरवली तर घरावर संकट येतं म्हणून तिथल्या तिथे तिची मान पिरगाळतात. पण ही गुरुदासबुवांची कोंबडी होती. गळ्यात झेंडूची माळ, तुरा लालभडक वाढलेला, चाल छाती काढून, आणि दुसरं कोंबडं दिसलं की अंगावर धाव.

"बगलात?" बुवा गरजले. "दोन म्हयन्यांपूर्वी हीच कोंबी अंडी घालीत होती. आदिमायेच्या अंगाऱ्यान तिचो कोंबो केलो! मगे पोटातल्या चेडवाचो झिल करूक कितीसो वेळ? गर्भ म्हणजे कुंभाराच्या चाकावरचो मातयेचो गोळो. वळवचो तसो वळता!"

"आणि वळवताना मोडलो तर?" मागून गावातला भाई तांडेल पुटपुटला. त्याला चारचौघांनी गप्प केलं.

पोटातल्या मुलीचा मुलगा होईल या आशेनं माझी धाकटी जाऊ सुगंधा पुढच्या रांगेत बसली होती. तीन मुलींवर सहावा महिना. नवरा लवू बोटीवर जाताना एवढंच म्हणाला होता, "ह्या खेपेक चेडू झाला तर माका कळवू नुको."

बुवांनी अंगाऱ्याच्या पुड्या दिल्या आणि नियम सांगितला. एक्केचाळीस दिवस, रोज सकाळी तीर्थातून. द्यायचा तो व्रतस्थ बाईच्याच हातून. खंड पडला तर गर्भ सांडतो. "आणि आवाज जाड झालो काय समजा, झिल धरलो!"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. तुळशीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही, हे गावाला माहीत. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं.

रोज पहाटे आंघोळ करून मी अंगारा तीर्थात कालवत होते. सुगंधा डोळे मिटून तोंड उघडायची. महिना उलटला आणि एका सकाळी ती आनंदानं म्हणाली, "वयनी, खूण इली गो!" तो आवाज ऐकून मी दचकले. घोगरा, जाड, जणू दुसरंच कोणी बोलत होतं. हनुवटीवर बारीक लवही आली होती.

तिची थोरली जानकी, दहा वर्षांची. ती माझ्या मागून परसात आली.

"काकी, कोंबी आणि आये एकाच बुवाचो अंगारो खातत ना?"

"होय गो. का?"

"मगे आये पण आरवतली?"

मी तिला रागावले. पण पुडी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आणि तरीही त्या दिवशीचा अंगारा मी दिलाच. व्रत मोडायची भीती मला पोटातल्या जिवाच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. ते मी आजही विसरू शकत नाही.

दुपारच्या गाडीनं मी एक पुडी घेऊन मालवणला गुरांच्या दवाखान्यात गेले. सत्यवान डॉक्टर आमच्याच नात्यातले. त्यांनी पुडी उघडली, राख बोटानं पसरली, तिच्यातले पांढरे कण भिंगाखाली पाहिले. मी कोंबडीचं वर्णन केलं, मग सुगंधाचं. त्यांचा चेहरा उतरला.

"माई, आज दिलात?"

"दिला."

"उद्या देऊ नका. ह्यात नराच्या हार्मोनची गोळी कुटलेली असणार."

"पण कोंबडी आरवते कशी?"

"हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतो. भरतीचं पाणी खाडीभर शिरतं ना, तसा. पण मासा अडकतो तो त्याच्या मापाच्या जाळ्यातच. मेंदूतल्या काही पेशींत अशी जाळी असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. कोंबडीच्या मेंदूतही ती असतात, फक्त हा मासा तिच्याकडे फारसा येत नाही. गोळीनं तो थव्यानं आला, जाळ्यात भरला, आणि मेंदू सांगू लागला, आरव, भांड, मिरव. तुऱ्यात आणि घशातही तशीच जाळी आहेत."

"आणि सुगंधाच्या पोटात?"

त्यांनी पुडी पुन्हा बांधून आपल्या खणात ठेवली. "पूर्ण वाढलेल्या जनावराची गोळी बंद केली की आरवणं थांबतं. घडत असलेल्या जिवाची मात्र घडणच बदलू शकते. आणि मुलगा की मुलगी, ते पहिल्याच दिवशी बापाच्या बीजानं ठरलेलं असतं. ते कुठलीही पुडी बदलत नाही. तिला उद्याच बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या."

दुसऱ्या सकाळी सुगंधा तोंड उघडून बसली. मी उरलेल्या पुड्या तिच्यासमोर खाडीत टाकल्या.

"वयनी!" त्या घोगऱ्या आवाजात ती ओरडली. "आठच दिवस रवले होते. माझो झिल मारलात तुम्ही!"

डॉक्टरीणबाईंकडे ती आली, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सत्यवान डॉक्टर मांडवात टोपली घेऊन आले. टोपलीत एकाच उबवणीतली दोन पिल्लं. एकाला नुसत्या कण्या घातल्या होत्या, दुसऱ्याच्या कण्यांत माझ्याकडून घेतलेला अंगारा. पहिलं चिवचिवत होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर तुरा लाल झाला होता. मुठीएवढं ते पिल्लू; त्यानं मान ताणली आणि फुटक्या पिपाणीसारखं आरवलं.

पुढच्या रांगा टोपलीकडे सरकल्या.

"बुवानू, ह्या पिल्लाक खंयच्या आदिमायेन दर्शन दिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"फसवता तो! ता पिल्लू मुळात कोंबोच आसा!"

"आसात कोंबो," भाई तांडेल उठला. "पण पंधरा दिवसांचो कोंबो आरवता खंय? माका दाखव, मी तुझो चेलो होतंय!"

हसू पसरलं, पण फार वेळ टिकलं नाही. पोलीस पाटलांनी बुवांची ट्रंक उघडली. राखेच्या डब्याखाली गोळ्यांच्या बाटल्या आणि खलबत्ता. बुवा पूर्वी घाटावर कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात कामाला होते, हेही मग निघालं. मांडवात आणखी चार गरोदर बाया होत्या. त्यांपैकी एकीनं कनवटीची पुडी काढून वाळूत टाकली. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

कोंबडी आम्ही घरी आणली. हळूहळू तिचा तुरा सुकला, आरवणं थांबलं, आणि एका सकाळी तुळशीच्या कट्ट्याआड तिनं अंडं घातलं.

सुगंधाला मुलगी झाली. अंगाची घडण अंगाऱ्याच्या आधीच झाली होती म्हणून सुटली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदूचं काय, ते त्या सांगू शकल्या नाहीत. लवूभावोजींना मी तार केली. ते आले, पाळण्याशी उभे राहिले, आणि सुगंधानं "बसा" म्हटल्यावर तो आवाज ऐकून त्यांनी मान खाली घातली.

मी अजूनही प्रदक्षिणा घालते, उपवास करते. पण माझी श्रद्धा माझ्यापुरती. दुसऱ्याच्या तोंडात काही घालायचं तर आधी विचारावं, ह्यात काय आहे? कोणी तपासलं? जो विचारू देत नाही, त्याच्या हातचं तीर्थही घेऊ नये. आणि मुलगी झाली तर कळवू नको म्हणणारा बाप नसता, तर बुवाचा मांडव रिकामाच राहिला असता.

कोंबडी पुन्हा कोंबडी झाली. सुगंधाचा आवाज मात्र फिरला नाही. घशाचं एकदा झालं की होतं, म्हणतात. संध्याकाळी ती पाळणा म्हणते तेव्हा वाटेनं जाणारा थबकतो, आत पुरुष गातोय असं वाटतं त्याला. मुलगी तेवढी लगेच झोपते. तिला आईचा दुसरा आवाज माहीतच नाही.