चाळीस मावश्यांचे निवेदन

मित्रांनो, मी प्रती काढणारे एक जुने मशीन. अम्मानमध्ये, समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेच्या कचेरीत अकरा वर्षे उभे आहे. कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: काचेवर दिसेल तेच कागदावर उतरवायचे. ते मी चोख केले. तरी गेल्या महिन्यापासून माझा गोंधळ उडाला आहे.

इथल्या कार्यकर्त्या राव्याबाईंकडे देखरेखीला एकशे तीस कुटुंबे होती, म्हणजे एकशे तीस प्रकरणे. त्यांतल्या सुन्दुस या आजारी मुलीच्या घरी जायला त्यांना चार महिने सवड मिळाली नव्हती. एका कार्यकर्तीकडे किती प्रकरणे द्यावीत, याला नियमच नव्हता. म्हणून संघटना दरवर्षी मंत्रालयाला निवेदन देई: 'जास्तीत जास्त चाळीस प्रकरणे.' त्याच्या स्वच्छ प्रती मी काढी. माझे कौतुक होई. उत्तर मात्र येत नसे.

यंदा मंत्रालयाची नियमावली कायम होणार होती. शेवटच्या बैठकीच्या घाईत चिटणीस नुहाबाईंच्या पेनातली शाई माझ्या काचेवर उडाली. इवलासा ठिपका, प्रत्येक प्रतीत नेमका 'प्रकरणे' या शब्दावर उतरला. पण अरबीत प्रकरणाला 'हाला' म्हणतात, आणि पहिल्या अक्षरावर टिंब पडले की 'खाला' होते. खाला म्हणजे मावशी!

नुहाबाई आणि राव्याबाई दुपारी बैठकीहून परतल्या, तेव्हा नुहाबाईंना हसू आवरत नव्हते.

"अबू मिदहत," त्या चहावाल्या काकांना म्हणाल्या, "अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं, 'एका कार्यकर्तीकडे जास्तीत जास्त चाळीस मावश्या'! एक साहेब म्हणतात कसे, मला एकच आहे, तीच आवरत नाही!"

"अरे देवा! मग?"

"मग ही राव्या उठली. म्हणाली, 'साहेब, माझ्याकडे एकशे तीस आहेत. एका घरी तर पोरगी आजारी, आणि चार महिन्यांत मी तोंड दाखवलं नाही.' मग पहिल्यांदाच अख्खं निवेदन वाचलं त्यांनी."

"मिळाले का चाळीस?"

"साठ."

"म्हणजे आपण जिंकलो की हरलो, बाई?"

"ते मला नका विचारू, काका," राव्याबाई पर्स उचलत म्हणाल्या. "सुन्दुसच्या घराकडे आता कुठली बस जाते, तेवढं सांगा."

मित्रांनो, मला काही उमगत नाही. दहा वर्षांच्या स्वच्छ प्रती कुणी वाचल्या नाहीत, डागाळलेली वाचली. मग माझी काच पुसत जा, असे तुम्हाला सांगू की नको? पुसाच. पण हातात आलेला कागद नीट वाचा. वाचायला त्यात चूक सापडण्याची वाट पाहू नका.