तिसरा ठिपका

येसाजीने लोखंडाचे दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले आणि जॉब खिडकीसमोर धरला. फटीतून उजेड आला. त्याने जॉब उलटा करून पाहिला. उजेड तिथेच होता.

"सर म्हणाले, ज्यानं हे केलं त्याला कानस धरता येत नाही." मालोजी उंबऱ्यातच उभा होता, बूटही काढले नव्हते. "वर्कशॉपात नापास केलं मला."

येसाजी साजगावच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होता. खाचेत जीभ अशी बसवायची की उजेडाची रेघही दिसू नये, हे त्याने कितीतरी जणांना शिकवलं होतं. मुंबईच्या इंजिनियरिंग कॉलेजात मुलाला तेच स्वतःच्या हाताने करून दाखवायचं होतं. मालोजीला गणितं चुटकीसरशी सुटत, पण कानस काही वळत नव्हती. मग त्याने कोरे तुकडे गुपचूप घरी आणले. येसाजीला ते पटलं नव्हतं. तरी एवढ्यावरून पोराचं वर्ष अडायला नको, म्हणून दोन रविवार पडवीत बसून त्याने जॉब केला. खरं तर करताना त्याला फार आनंद झाला होता.

जॉब झाला की जिभेच्या आतल्या बाजूला तो पंचने ठिपके मारी. बाहेर नाव मालकाचं, आत खूण आपली. उमेदवारीत त्याचा एकच ठिपका असे. विमलबाई घरात आली तेव्हा दोन झाले, मालोजी जन्मला तेव्हा तीन. कारखान्यातले चिडवत, "आणखी पोरं झाली तर जॉबची चाळण होईल रं!"

आता त्याने तुकडे वेगळे केले आणि आतल्या बाजूवर अंगठा फिरवला. ठिपके नव्हते. त्या जागी आडवे ओरखडे होते. येसाजीची कानस कधी आडवी चालत नसे.

"तू काय केलंस का रं ह्याला?"

"मी कशाला हात लावीन? तुम्ही दिलात तसाच नेला."

मालोजीची नजर भिंतीवर होती. येसाजीला सगळं उमगलं. खुणेवरून जॉब दुसऱ्याचा हे सरांना कळेल, या धास्तीने पोराने ती घासून काढली होती, आणि घासता घासता जीभ सैल झाली होती. घाबरून केलं, ते तो पोटात घालायला तयार होता. पण वर बापाच्या हातालाच दोष? ते त्याच्या काळजाला लागलं.

विमलबाई ओले हात पुसत बाहेर आली.

"काय झालं?"

"जॉब चुकला," येसाजी म्हणाला.

"तुमच्या हातनं? कानस बोथट असंल."

"कानशीला काय बोल लावायचा? हातच चळला. वय झालं गं."

मालोजी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

सोमवारी येसाजीने कारखान्यात नवा जॉब पुरा केला आणि शेजारच्या कमळ्याच्या हातात दिला.

"बग रं, उजेड दिसतो का."

कमळ्या बुचकळ्यात पडला. येसाजीने आपलं काम आजवर कुणाला तपासायला दिलं नव्हतं. त्याने जॉब खिडकीकडे धरला. "कुठला उजेड? एक रेघ नाय."

येसाजीने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तुकडे सोडवले, पंच टेकवला, हातोडी मारली. एक. मग दुसरा. तिसऱ्यासाठी उचललेली हातोडी तशीच खाली आली, बाकावर.

"येसाजी, तिसरा राहिला."

येसाजीने पंच पुसून खिशात ठेवला.

"तो त्याचा त्यानं मारायचा," तो म्हणाला.